पंपाच्या नळीत रुतलेलं तणनाशक

तीर्थरूप आबांना,

गुजरातमधल्या दहेजच्या कारखान्यातून भारतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे. मेसचं जेवण आता अंगवळणी पडलंय. म्हैस व्याली का?

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. तुमच्या सुनेनं, अनितानं सांगितलं, झेंडूची पानं पिळवटल्यापासून तुम्ही जेवत नाही. "मला साधा पंपबी धुता येत न्हाई, कशाला वाढती?" म्हणून ताट सारता म्हणे.

आबा, फवारणीचा पंप तुम्ही नीटच धुतला होता. उसाला मारलेलं ते तणनाशक तेलकट जातीचं. त्याच्या रेणूला तेलाची शेपटी असते, ती टाकीच्या प्लॅस्टिकात आणि रबरी नळीत रुतून बसते. नुसत्या पाण्यानं ती निघत नाही. मग झेंडूसाठी त्याच पंपात किडीचं औषध भरलं. त्या औषधातल्या तेलानं मात्र ते रुतलेलं तणनाशक सोडवलं आणि पानावर नेऊन घातलं. पाण्यानं पंप कुणीही धुतला असता, तरी हेच झालं असतं. मी बारावी नापास असलो तरी हे खात्रीनं सांगतो, सगळं वाचून पडताळलंय.

फक्त पानात शिरलेलं बाहेर कसं काढायचं, ते कुठंच सापडलं नाही. दसऱ्याला झेंडू हाती लागणार नाही. झाडं शेजारच्या सुदर्शनला उपटू द्या, तुम्ही तिकडं जाऊ नका.

इतक्या लांबून मला दुसरं काही करता येत नाही. अनिता भाकरी वाढेल, तेवढी खा.

तुमचा,
भारत