उडी : शंभरपैकी चार

चि. रोडेलिओ यास,

तुझं जहाज या क्षणी ज्या पाण्यात असेल तिथे आत्याचे आशीर्वाद पोचोत. तू धडधाकट आहेस असं धरून चालते, कारण तुला साधी शिंक आली तरी तुझ्या बायकोच्या फेसबुकवरून ते गावाला कळतं. माझा रक्तदाब वाढला आहे. किती, ते डॉक्टर सांगत नाहीत, 'थोडा' म्हणतात. चौतीस वर्षं शाळेच्या कचेरीत गुणपत्रकं लिहिलेल्या बाईला 'थोडा' हा आकडा चालत नाही, असं मी त्यांना सांगून आले. तुझा बाप हिंडतोफिरतो आहे. याहून जास्त मला ठाऊक नाही, कारण सलग तीन रविवार तो माझ्याकडे जेवायला आलेला नाही. तुझी आई गेल्यापासून नऊ वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, वादळ आलं त्या रविवारीसुद्धा नाही.

याला कारण तुझी ती संगणकावरची बास्केटबॉल लीग. जहाजावर जाताना तू ती माझ्या गळ्यात मारलीस आणि म्हणालास, आत्या, फक्त शनिवारी बटण दाबायचं. आठ गल्ल्यांचे आठ संघ, खेळाडू गावातलेच, नावं खरी, आणि प्रत्येक नावापुढे नेम, पास, उडी आणि दम यांचे शंभरपैकी गुण. त्या गुणांवरून संगणक सामना खेळणार आणि दुपारी चारला पाव घ्यायला आलेलं गाव लोर्नाच्या बेकरीत निकाल ऐकणार. इथवर ठीक. पण गुण कसे दिलेस ते तू मला सांगितलं नाहीस. ते मी स्वतः शोधून काढलं. तुझ्या बाप्तिस्म्याला तुझ्या आईने अकरा धर्मबाप केले (मी दोन पुरे म्हटलं होतं), आणि ते अकराही जण तुला आळीपाळीने गाठून स्वतःचे, जावयाचे, पुतण्याचे गुण वाढवून घेत होते. धर्मबापाला नाही म्हणता येत नाही, हे मलाही समजतं. पण मी यादी उघडली तेव्हा, तुझा बाप सोडला तर, नव्वदच्या खाली एकच माणूस होता, आणि तो गेल्या वर्षी वारला म्हणून त्याची बाजू मांडायला कोणी नव्हतं. बाकी सगळे शहाण्णव ते अठ्ठ्याण्णव. गेल्या हंगामाची अंतिम लढत जादा वेळ सात वेळा वाढवून दोनशे एकतीस विरुद्ध दोनशे तीस अशी संपली आणि हरलेल्या गल्लीने संगणकाला लाच दिल्याची तक्रार पाद्रीबाबांकडे केली.

आमच्या शाळेच्या सिस्टर एडिथा म्हणायच्या की परीक्षा न घेता दिलेला गुण म्हणजे खोटी साक्ष. तेव्हा मी परीक्षा घेतली. प्लाझातल्या कोर्टावर, चर्चमधल्या सकाळच्या मिसानंतर सगळ्यांना बोलावलं, दहा नेम, दहा पास, एक उडी आणि कोर्टाच्या दोन फेऱ्या. वही माझ्या मांडीवर, शिट्टी माझ्या गळ्यात. निम्मे लोक स्लिपर घालून आले, त्याला मी हरकत घेतली नाही, कारण खेळतात ते तसेच. आपल्या गावचे कारभारी, बारांगाय कप्तान, ज्यांना तू शहाण्णव दिले होतेस, त्यांचे दहात दोन गेले. ते म्हणाले रिंग वाकडी आहे. गवंडी बोलावला, ओळंबा लावला, आणि रिंग खरंच चर्चच्या बाजूला तीन बोटं कललेली निघाली. मग सगळ्यांनाच पुन्हा परीक्षा हवी झाली. मी सांगितलं की रिंग सगळ्यांना सारखीच वाकडी होती. कप्तानांना नेमाचे वीस मिळाले, आणि आता माझा घराचा दाखला त्यांच्या टेबलावर दोन आठवडे पडून आहे. उलट मासळीवाली पुरिफिकासिऑन नुसती बघायला उभी होती, तिने सहज म्हणून चेंडू उचलला आणि दहाच्या दहा पास अचूक दिले. रोज सकाळी होडीतून किनाऱ्यावर टोपल्या झेलते ती. तिला मी पासचे अठ्ठ्याण्णव दिले. दोन कमी का, असं ती विचारत होती, आणि तिचा प्रश्न रास्त होता.

मग तुझा बाप. मिसाहून थेट आलेला, पायात पॉलिशचे बूट, गुडघ्याला पट्टा. सगळ्यांनी उभं राहून नेम धरले, हा म्हणाला मी उडी मारूनच टाकणार, डाव्या कोपऱ्यातून, माझी ती जागा आहे. मी म्हटलं, दुलो, वय एकाहत्तर आहे. तो म्हणाला, तुझी शिट्टी वाजव. दहात तीन गेले. पास बरे दिले, एकोणचाळीस. दम नऊ. उडी चार. (पाय जमिनीवरून सुटले म्हणून चार. बूट सुटले होते की टाचा, यावर मी बराच वेळ विचार केला होता.) तू त्याला सगळीकडे अठ्ठ्याहत्तर दिले होतेस. मुलाने बापाला दिले, मी समजू शकते, पण वहीत ते ठेवता येत नव्हते.

शनिवारी लोर्नाने नवे गुण बेकरीत मोठ्याने वाचले. मी तिला वाचू नको म्हणायला हवं होतं, हे मी इथे लिहून ठेवते. तुझा बाप पावाची पिशवी हातात धरून उभा होता. दाढीवाला तोमास हसला आणि म्हणाला, दुलो, माझी कोंबडी पाच उडते. आणखी काही जण हसले. तुझ्या बापाने माझ्याकडे, थोरल्या बहिणीकडे, पाहिलं आणि विचारलं, "मानांग, मी चार आहे का?"

मी म्हटलं, "उडीत चार. पासमध्ये एकोणचाळीस."

त्याने टोपी घातली आणि गेला. त्याच्या गल्लीच्या संघाने त्याच आठवड्यात त्याला बाकावर बसवलं, म्हणजे संगणकातल्या बाकावर, आणि तेव्हापासून निकालात त्याचं नाव येत नाही. तो बेकरीतही येत नाही, लोर्ना त्याचा पाव घरी पोचवते. मी रविवारी नेहमीइतकेच कादयोसचे दाणे आणि फणस शिजवते, कारण लहान भांडं माझ्याकडे नाही. उरलेलं कुत्र्याला घालते. कुत्रा जाड झाला आहे.

परवा मी स्वतः त्याच्या दारात गेले. त्याने आतूनच विचारलं, परीक्षा घ्यायला आलीस का. मी म्हटलं, डबा द्यायला. तो म्हणाला, पायरीवर ठेव. ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा घासून माझ्या पायरीवर परत आला, पण आत काही नव्हतं, आणि रिकामा डबा परत करणं आमच्या आईने आम्हाला शिकवलेलं नाही.

माझी चूक झालेली नाही, हे तू ध्यानात घ्यावंस. परीक्षा सर्वांसमोर झाली, वही कोणालाही बघता येते. चौतीस वर्षांत मी एकही गुण बदलला नाही, मठाधिपतीणबाईंच्या भाचीचासुद्धा नाही, आणि सत्तरीनंतर ती सवय लावून घेणार नाही. प्रकृती सांभाळ. इंजिनच्या खोलीत पाणी पीत जा.

तुझी आत्या,
कॉन्सोलासिऑन

ता. क. लीगचा पासवर्ड तू जाताना बदलला नव्हतास असं मला वाटतं. म्हणजे तुलाही जहाजावरून आत जाता येत असणार. मी हे नुसतं नोंदवते आहे.

ता. क. २ : आत गेलास तर काय केलंस ते मला कळवू नकोस. मला कोणी विचारलं तर मला खरं सांगावं लागेल, आणि ठाऊकच नसेल तर 'ठाऊक नाही' हे खरंच असेल. शुक्रवारपर्यंत कर. शनिवारी बटण दाबायच्या आधी मी आकडे तपासत नाही, चष्मा त्या दिवशी नेमका सापडत नाही.

ता. क. ३ : परत अठ्ठ्याहत्तर करू नकोस. तो अठ्ठ्याहत्तर कधीच नव्हता. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या फिएस्टाला, गावजत्रेतल्या ओतोन गावाविरुद्धच्या सामन्यात मी पहिल्या बाकावर होते आणि शेवटच्या मिनिटाला त्याने डाव्या कोपऱ्यातून उडी घेतली ती मी पाहिली आहे. चेंडू आत गेला नाही. पण उडी चौसष्ट होती. चौसष्ट कर.