ब्रेकमधले बाबा

४ मार्च
गोडाऊनमध्ये दिवसभर एकच रडगाणं. मोठ्या मॅचेस आता मोबाइलवर फुकट नाहीत. ज्याच्या घरी टीव्हीचं पॅकेज चालू, त्यालाच ॲपवर दिसणार. पॅकिंगचा इरफान म्हणाला, "घर पे टीवी होता तो मोबाइल पे कायको देखता?" सगळे हसले. मी मनात म्हटलं, आपल्याकडे केबल आहे, आपल्याला काय.

५ मार्च
बाबा जेवताना सहज बोलले, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. अठराच्या मॅचला पिचवरचा शेवटचा हात त्यांचा. ब्रेकमध्ये आत जायचं, झाडू मारायचा, बोलर पाय आपटतात तिथली माती दाबायची, क्रीजच्या रेषा पुन्हा ओढायच्या. मुंबईच्या त्या मैदानावर अकरा वर्षं काम करतायत, आणि घरातल्या एकानेही त्यांना काम करताना पाहिलेलं नाही! पास मिळत नाहीत. टीव्हीवर ब्रेक झाला की जाहिराती. गुडघा गेलाय, या मॅचनंतर त्यांना स्टोअरमध्ये बसवणार. म्हणजे बघायचं तर आत्ताच.
आई: "तितं मानसं किती असतात ओ?"
बाबा: "मोजली न्हाय कदी. मी खाली बगतो."

६ मार्च
ॲपमध्ये 'मैदान कॅमेरा' सापडला. ब्रेकमध्येसुद्धा चालू, जाहिरात नाही, नुसतं पिच. खुर्चीवरून उठलेच. लगेच केबलचा ग्राहक नंबर टाकला. ओटीपी गेला तो तात्यांच्या मोबाइलवर.
तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. भिंतीपलीकडे राहतात. केबल घेतली तेव्हा घर एक होतं, कनेक्शन त्यांच्या नावावर. पुढे भाताचं खाचर गोडाऊनला द्यायचं की नाही यावरून फाटलं. तात्यांना द्यायचं होतं, बाबांना नाही. दिलं गेलं. सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. चूल वेगळी झाली, मीटर वेगळं झालं, केबल तेवढी एकाच नावावर राहिली.
म्हणजे आता...

९ मार्च
केबलवाल्याकडे जाऊन आले. नाव बदलायला तात्यांची सही लागेल. नवीन कनेक्शन घेतलं तर ॲपवर यायला महिना. तात्यांशिवाय गत्यंतर नाही. अडला हरी... पुढचं लिहीत नाही, सख्खे काका आहेत.
बाबांना यातलं काही बोलले नाही.

१२ मार्च
गेले शेवटी. तात्या ओट्यावर वाल सोलत बसले होते.
"तात्या, तुमच्या फोनवर एक ओटीपी येईल. तेवढा सांगा."
"न्हाय सांगनार. बँकवाल्यांनी मीटिंगमदे सांगितलंय. सख्ख्या भावालापन सांगायचा न्हाय."
"मी भाऊ कुठे आहे?"
"त्याची पोर हायेस."
मला हसू आलं आणि रागही आला. कशासाठी हवाय तेही सांगितलं नाही, तशीच घरी आले. आमच्या घराण्यात नाक सगळ्यांनाच आहे, मलासुद्धा.

१५ मार्च
पाण्याच्या टाकीपाशी काकूला गाठून सगळं सांगितलं. मैदान, गुडघा, स्टोअर, सगळं. काकू हंडा खाली ठेवून ऐकत राहिली. म्हणाली, "आगं, एवढी मोठी मॅच? आन् आपले भावजी मदी?"
संध्याकाळी तिच्याकडून तात्यांचा निरोप. ओटीपी सांगणार नाही म्हणजे नाही. पण मॅचच्या दिवशी फोन घेऊन ये, मी स्वतः टाकतो.

१८ मार्च
सुट्टी टाकली. ब्रेकच्या जरा आधी आई आणि मी तात्यांच्या ओट्यावर, काकूही शेजारी. आई सहा वर्षांनी त्या ओट्यावर बसली. ओटीपी आला. तात्यांनी आमच्याकडे पाठ केली, एका हातात स्वतःचा फोन, दुसऱ्यात माझा, आणि एकेक आकडा तोंडात पुटपुटत टाकला. मोठ्याने! आम्हा तिघींना पाठ झाला. कुणी हसलं नाही.
मग मैदान दिसलं.
काय लिहू. मी मॅच शंभर वेळा पाहिली असेल, मैदान कधी पाहिलंच नव्हतं. इतकं हिरवं. चारी बाजूंनी माणसं, वरपर्यंत माणसं, आणि मधोमध तेवढीच एक मातकट पट्टी. त्या पट्टीवर बाबा. टोपी घातलेले, जरा लंगडत. आधी झाडू मारला, सावकाश, जणू घरचं अंगण आहे. मग खाली बसले, तो गुडघा घेऊन, आणि माती दाबायला लागले. एवढा गोंगाट चाललेला, गाणी वाजतायत, लोक लाटा करतायत, आणि हा माणूस मान वर करत नाही. रोज संध्याकाळी रिक्षातून उतरून "पानी दे" म्हणणारे हेच का ते? आता जगातले मोठमोठे खेळाडू ज्या मातीवर खेळतील, ती आमच्या बाबांनी अंगठ्याने दाबलेली.
आई पदर तोंडाला लावून बसलेली. रडत होती, पण डोळे मिटत नव्हती.
बाबांनी एके जागी अंगठा रोवला, काढला, पुन्हा रोवला. तात्या एकदम म्हणाले, "बग, बग! आमचा बाप आसाच बगायचा खाचरात. आंगठा रुतला तर नांगर घालायचा न्हाय." मग फोन डोळ्यांजवळ नेला. फोन माझा, पण मागायचा धीर झाला नाही.
रेषा ओढून बाबा उठले, झाडू खांद्यावर टाकून कॅमेऱ्याबाहेर गेले.
तात्यांनी विचारलं, "आता कवा येनार तो?"
मैदानात की घरी, ते कळलं नाही. म्हटलं, उद्या दुपारी.

१९ मार्च
बाबा दोन वाजता आले. मी सगळं सांगून टाकलं, तात्यांच्या ओट्यासकट. बाबा चप्पल न काढता तसेच उभे. "दिसलो?" एवढंच. मी म्हटलं, दिसलात.
तेवढ्यात काकू आली. तात्यांनी विचारायला पाठवलंय: पिचच्या मातीचं पाणी मॅचच्या किती दिवस आधी तोडलं?
बाबांनी आता कुठे चप्पल काढली. मग म्हणाले, "त्याला म्हनावं, इचारायचं तर येऊन इचार."
काकू गेली. बाबा आमच्या ओट्यावर जाऊन बसले, आंघोळसुद्धा केली नाही. साडेतीन वाजलेत. आईने दार उघडंच ठेवलंय.