वारसाची सही

पॅरिस, मार्च १८५९

प्रिय एव्हारिस्त,

तुझं पाकीट मिळालं. तुझ्या व्यंगचित्रांचा संग्रह निघतोय, त्यात बाबांचं चित्र हवंय आणि ते आता नाहीत म्हणून वारस या नात्याने माझी सही लागतेय, एवढंच चार ओळींत लिहिलंयस. बाबा गेल्याचं दुःख पाचव्या ओळीत असेल, असं मला उगाच वाटलं.

पहिल्या वेळची परवानगी आठवते? व्यंगचित्र छापायला कायद्याने ज्याचं चित्र त्याचीच लेखी संमती लागते, म्हणून तू मला मध्ये घातलंस. आपलं लग्न ठरलेलं, मी नाही कशी म्हणणार? बाबा तर हरखूनच गेले. साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर नामवंतच येतात, आणि त्यांना तर चार वर्षांत एक धड भूमिका मिळाली नव्हती, आता कुठे एका राजाची मिळाली होती. आधी चित्र तरी पाहा म्हटलं, तर माझ्यावरच उखडले. जावयावर अविश्वास दाखवायचा का, म्हणाले. न पाहताच सही केली, आणि तू ती त्यांच्याच अक्षरात चित्राखाली छापलीस.

वर काय होतं? भलंमोठं डोकं, काटकुळे पाय, आणि रंगमंचाखालून संवाद सांगणारा माणूस त्यांना चमच्याने शब्द भरवतोय. बाबा संवाद विसरायला लागलेत, हे मी फक्त तुला सांगितलं होतं, आणि सांगताना रडले होते. पुढच्या प्रयोगाला बाबा राजा होऊन आले, तसं वरच्या सज्जातून कोणीतरी म्हणालं, "म्हातारबा, आ करा." सगळं नाटकगृह हसलं. त्यानंतर त्यांना कोणी काम दिलं नाही. मी तुझी अंगठी परत पाठवली, तर तू फक्त पोच दिलीस.

तुझा कागद मी फाडणारच होते. पण बाबांनी ते चित्र भिंतीवर लावलं होतं. मी दोनदा काढलं, त्यांनी दोनदा लावलं. शेवटच्या आजारात म्हणाले, "पोरी, माझं दुसरं चित्र कोणी काढलंच नाही. हे गेलं तर मी होतो हे कोण सांगणार?" म्हणून सही करून पाठवतेय. लोक हसतील, पण बाबा त्या पानावर राहतील. त्यासाठी मला तुझे आभार मानावे लागताहेत, आणि हे मात्र मी तुला कधीच माफ करणार नाही.

एकेकाळची तुझीच,
क्लोतिल्द