पिवळ्या मादीची पिल्ले आणि माझे कलम पाच

मी, चंद्रप्रभा गजानन टिल्लू, वय वर्षे बहात्तर, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, राहणार फरीदाबाद, पहिला मजला, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि अतिशय आनंदात हे मृत्युपत्र लिहीत आहे. आनंदाचे कारण असे की माझ्या टाकीतली पिवळी गप्पी मासोळी आज विणार आहे. पोट चौकोनी झाले आहे आणि ती सकाळपासून हीटरमागे कोपरा धरून बसली आहे. गुरुवारी माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही, पण लिहून ठेवलेले बरे.

साक्षीदार म्हणून वकीलबाईंनी वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार मारुतराव शेडगे यांचे नाव सुचवले. सात वर्षे आम्ही एकमेकांशी बोलत नाही. पण साक्षीदाराने फक्त सही करायची, मजकूर वाचायचा नसतो, असे कळल्यामुळे मी निर्धास्त आहे.

कलम एक. राहता फ्लॅट माझी एकुलती एक मुलगी रेवती हिला. ती गुरुग्रामला बाविसाव्या मजल्यावर राहते आणि इथे राहायला येणार नाही, हे मला ठाऊक आहे. विकताना निदान गिऱ्हाइकाला इथल्या बोअरच्या पाण्याबद्दल खरे सांगावे. माणसांना ते तोंडात धरवत नाही, गप्पींना मात्र अमृत आहे.

कलम दोन. बँकेत असेल ते आणि दागिनेही रेवतीलाच. आई गप्पी आपलीच पिल्ले खाते. रेवती, मी तुझे फक्त डोके खाल्ले, हे लक्षात ठेव.

कलम तीन. पिल्लांचे सामान, म्हणजे चहाची जुनी गाळणी, ड्रॉपर, मलमलचे फडके, शेवाळाची बरणी आणि अंडे उकडायचे पातेले, एकत्रच राहावे, वाटणी करू नये. मी स्वतः अंडे खात नाही, पण दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये लोणच्याच्या बरणीत पहिली पिल्ले झाली तेव्हा ह्यांनी हे पातेले आणून दिले आणि म्हणाले, "बाळंतिणीच्या घरी सोवळे चालत नाही." पिवळा बलक फडक्यातून पिळून टाचणीच्या टोकाएवढा द्यावा, दिवसातून चारदा. जास्त दिला तर पाणी नासते आणि संध्याकाळपर्यंत सगळी पिल्ले उताणी तरंगतात.

कलम चार. जावई यशोधन याने एकदा प्रेमाने माझी टाकी भांड्यांच्या साबणाने घासली होती. माणूस सोन्यासारखा आहे. त्याला माझा मिक्सर द्यावा आणि टाकीपासून सहा फूट लांब ठेवावे.

कलम पाच. हे लिहायला हात जड झाला आहे. सात वर्षांपूर्वी मी दहा दिवस पुण्याला गेले, तेव्हा घराची चावी मारुतरावांकडे होती. दुकानातून नुकतीच आणलेली माझी एक मादी वेगळ्या टाकीत एकटी होती. परत आले तर पिल्ले, आणि महिनाभराने त्यांच्या शेपट्या लाल निघाल्या. लाल शेपटीचे नर इमारतीत फक्त मारुतरावांकडे. मी जिन्यात उभी राहून, सगळ्यांना कळावे म्हणून हिंदीतून ओरडले, "सूबेदार साहब, आपने अपना नर मेरी टंकी में छोड़ा है!" ते एवढेच म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी सीमेवर घुसखोरी अडवली. तुमच्याकडे करीन का?" त्यांनी चावी परत केली. दुसऱ्या दिवशी आपले सगळे मासे कोणाला तरी देऊन टाकले. त्यांच्या टाकीत तेव्हापासून मनीप्लांट आहे.

या जानेवारीत मी ही पिवळी मादी आणली आणि एकटीच ठेवली. मारुतराव तेव्हा दोन महिने गावी होते. ती फेब्रुवारीत व्याली, मार्चमध्ये व्याली, एप्रिलमध्ये व्याली! दुकानदार पोट धरून हसला, "आंटी, मादा एक बार मिल ले तो महीनों का स्टॉक अंदर रखती है." म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या त्या मादीलाही लाल शेपटीवाला दुकानातच भेटला होता. चाळीस वर्षे गप्पी पाळून मला एवढे माहीत नव्हते. मारुतराव निर्दोष आहेत. मला फार लाज वाटते. आजची सगळी पिल्ले आणि माझी मोठी टाकी त्यांना द्यावी आणि माझी माफी माझ्यामागे त्यांना वाचून दाखवावी.

येथवर लिहून झाले आणि पिवळी सुरू झाली! एक, दोन, पाच, आणि सहाव्या पिल्लामागे ती तोंड उघडून धावली. एका हाताने तिला अडवायचे आणि दुसऱ्याने पिल्ले टिपायची, वर हा गुडघा. मारुतराव सही करायला येण्याची वाट न पाहता मी त्यांना बाल्कनीतून हाक मारली. मारुतराव बनियनवरच धावत आले. आईला त्यांनी जाळीत धरले, मी गाळणी चालवली. एकेचाळीस! आम्ही दोघे लहान मुलांसारखे ओरडत मोजत होतो. मग त्यांची नजर टाकीशेजारच्या या कागदावर गेली आणि त्यांनी कलम पाच उभ्या उभ्या वाचले.

"अच्छा," ते म्हणाले, "म्हणजे माफीसाठी मी तुमच्या मरणाची वाट बघत बसू?"

वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये; एक तर सही, नाही तर मासे. मारुतराव म्हणाले, "मग मासे आजच द्या ना, बाई. मृत्युपत्रात माझं काय उरलं?"

आरोप जिन्यात हिंदीतून केला होता, म्हणून मी जिन्यात गेले. "सूबेदार साहब, गलती मेरी थी. बिल्कुल मेरी थी." तिसऱ्या मजल्यापर्यंत दारे उघडली. मारुतराव मनीप्लांट कुंडीत लावायला वर पळाले, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

कलम सहा. कलम पाच माझ्या हयातीतच पार पडले आहे, सबब ते रद्द. मोठी टाकी आणि एकेचाळीस पिल्ले आज वर गेली. ऑपरेशनच्या काळात खालच्या माशांना दाणे घालण्यासाठी घराची चावी मारुतरावांकडे दिली आहे. ती परत मागायची नाही.

वरील मजकूर माझा असून मला मान्य आहे.

सही: चंद्रप्रभा गजानन टिल्लू

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली. यातून आम्हांला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: मारुतराव शेडगे, सुभेदार (निवृत्त). हात ओला असल्याने शाई फुटली आहे.
साक्षीदार २: ममता सूद, समोरचा फ्लॅट

स्थळ: फरीदाबाद
दिनांक: ५ मे २०२५