तुझ्या वर्गाने ग्रंथपालांना ओलीस धरलं, त्याबद्दल

ती. आत्यास,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण सध्या आपल्या दोघींपैकी एकीलाच वाकता येतं, आणि ती चिडलेली आहे.) गुडघे कसे आहेत? खरं उत्तर कळव. बाबांना फोनवर देतेस ते नको. त्यांना तू 'अगदी मजेत' म्हणालीस, आणि मजेत असलेली तू आपल्या घरात कुणी पाहिलेली नाही.

आधी घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून कळायला नको.

१. गेल्या शनिवारी वाचनवर्गाच्या वेळेत तुझ्या मुलांनी ग्रंथपालांना मासिकांच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली.
२. कडी लावण्यापूर्वी त्यांना खुर्ची आणि चहा देण्यात आला होता.
३. दारावर मागण्यांचा कागद चिकटवला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.
४. नेमके तेव्हाच ग्रंथालयाचे अध्यक्ष जिना चढून वर आले.
५. मी त्या वेळी वर्गात नव्हते. कुठे होते, ते नंतर.

हे सगळं कुणामुळे झालं, तर तुझ्यामुळे. तू म्हणालीस, चार शनिवारांचं तर काम आहे. ती समुद्रावरची कादंबरी संपत आलीय, उरलेली चार प्रकरणं मुलांकडून वाचून घे, दर वेळी पाच नवे शब्द आणि लेखकाची एक युक्ती सांग, मग पुस्तकं परत कर आणि वर्गाला कुलूप लाव, कारण वरच्या मजल्याचा तो जिना आता तुझ्याच्याने होणार नाही. हे तू इतक्या सपाट आवाजात सांगितलंस की मी 'बरं' म्हणून मोकळी झाले. मी लिफ्ट दुरुस्त करणारी इंजिनिअर. मला लेखकाच्या युक्त्या विचारणं म्हणजे न्हाव्याकडे दाढ दाखवण्यासारखं आहे. पण तुझ्यापुढे नाही म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. बाबा तर तुझा फोन आला की अजूनही उभे राहून बोलतात.

पहिल्याच शनिवारी माझी अब्रू गेली. त्या प्रकरणात सुकाणूवाली मुलगी कड्यावरून दोर सोडून खाली उतरते. मी मुलांना फळ्यावर काढून दाखवलं की आधीच्या प्रकरणात दिलेली कड्याची उंची आणि दोराची लांबी जुळत नाही, दोर तोकडा पडतो, सबब ती उतरूच शकत नाही. मग तुझ्या त्या चष्मेवाल्या मुलीने (जिला सगळे शंका म्हणतात, आणि बरोबर म्हणतात) हात वर केला आणि फार समजुतीने विचारलं, "ताई, तुम्ही गोष्ट वाचताय की तिला दंड करताय?" मागून भोंगा (त्याचा आवाज तुला तिकडेही येत असेल) ओरडला, "बाई असत्या तर आत्तापर्यंत उतरली असती ती!" दर शनिवारी निदान चार वेळा मला सांगण्यात येतं की बाई असत्या तर. मी आता सवय करून घेतलीय, पाठीला रग लागते तशी.

चूक कुठे झाली ते मात्र मान्य करते. तुझा नियम होता की नवा शब्द पुढच्या शनिवारी वापरून आणायचा. तुझ्या मते वापरणं म्हणजे वाक्यात. आता तूच सांग, माझ्या कामात ब्रेक लागतो हे कुणी वाक्यात वापरून सिद्ध करतं का? वजन चढवायचं, सोडायचं, आणि थांबतो का बघायचं. म्हणून मी नियम थोडा घट्ट केला. शब्द प्रत्यक्ष करून दाखवायचा, आणि साक्षीदार हवा.

पुढच्या आठवड्यात 'नाकेबंदी' आली. मुलांनी ग्रंथालयाचा जिना अडवून धरला. खाली जायला निघालेले ग्रंथपाल अर्धा तास वरच अडकले आणि चहाच्या वेळी चहा नाही म्हणून वाचनकक्षातल्या रद्दीच्या कपाटाला टेकून सुस्कारे टाकत उभे राहिले. (रद्दीचं कपाट म्हणजे ते भिंतीच्याच रंगाने रंगवलेलं. वर उघडतं, आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर त्याची चावी हरवलीय. तुला माहीत आहे.) साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली. 'कूच' हा शब्द एका पालकांनी घरी सकाळी सहाला अनुभवला. 'बंड' कुणी कुठे केलं ते विचारू नकोस, तीन आयांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

शब्दांपेक्षा युक्त्या महागात पडल्या. लेखक प्रकरण ऐन मोक्याच्या जागी तोडतो हे मी शिकवलं, त्याच संध्याकाळी भोंगा आईला म्हणाला, "शाळेतून तुझ्यासाठी फार गंभीर निरोप आहे," आणि जेवून झोपला. सकाळपर्यंत तिचा डोळा लागला नाही. (निरोप सहलीचा होता.) दृष्टिकोन शिकवला, तर शंकाने फुटलेल्या फुलदाणीची हकिगत फुलदाणीच्या बाजूने सांगितली, आणि ती इतकी करुण होती की मार राहिला बाजूला, आजीने तिलाच जवळ घेतलं. लेखक वस्तू आधी पेरून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या प्रकरणात कोपऱ्यात दोर दिसला तर नवव्यात तो कुणाच्या तरी हाताला लागणार, हे सांगितल्यापासून तर कोणतीच वस्तू निरागस राहिलेली नाही. मुलं ग्रंथालयभर फिरून 'हे पेरलंय का?' विचारतात. ग्रंथपालांच्या छत्रीवर अजून संशय आहे.

आता शनिवारकडे येते. शब्द होता 'ओलीस'. भोंग्याने आधी ग्रंथपालांचा तारखेचा शिक्का उचलला होता. शंकाने हरकत घेतली, "वस्तू ओलीस नसते रे, वस्तू जप्त होते. ओलीस माणूस लागतो." (शब्दांची ही जाण तू दिलीस. मी फक्त साक्षीदार मागितला.) मग माणूस धरण्यात आला. अध्यक्ष वर आले तेव्हा कडीपाशी भोंगा पहाऱ्यावर होता आणि आतून ग्रंथपाल म्हणत होते, "पुढचं पान सरकवा रे." कारण ओलिसाला कंटाळा येऊ नये म्हणून मुलांनी कादंबरीचं शेवटून दुसरं प्रकरण झेरॉक्स काढून दाराखालून एकेक पान आत सोडायला सुरुवात केली होती.

अध्यक्षांनी "हे शिकवता काय इथे?" असं विचारलं. कुणाला, ते कळलं नाही, कारण मी नव्हते. मग ते जरा नरमाईने म्हणाले, "चला, तह करू." त्यावर शंका म्हणाली, "तह पुढच्या शनिवारचा शब्द आहे. आज नाही करता येणार."

मी पोचले तेव्हा अध्यक्षांचा रंग जांभळा होता. त्यांनी ऐकवलं ते थोडक्यात असं. येत्या शनिवारी वर्गाच्या मूळ बाई स्वतः येऊन वर्गाची जबाबदारी घेत असतील तर ठीक. नसतील तर त्याच दिवशी खोलीला कुलूप, आणि मग तिथे कार्यकारिणीच्या बैठका. मी सांगितलं की कुलूप लावायलाच मला पाठवलंय. हे ऐकून मुलं ज्या नजरेने माझ्याकडे बघायला लागली ती मला आवडली नाही. भोंगा तर चक्क हळू आवाजात म्हणाला, "बाईंनी सांगितलं?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं.

तर अशी परिस्थिती आहे. मी कंटाळले आहे. माझ्या हातांना ग्रीसचा वास आणि बोटांना खडू, दोन्ही एकदम निघत नाहीत. ग्रंथपाल, ज्यांनी आजवर पुस्तकांवर फक्त शिक्के मारले, ते मला दिसेल तिथे गाठून विचारतात, "लागला का हो हात दोराला?" मला कथाकादंबऱ्यांत रस नाही, हे तू जाणतेसच. सुकाणूवालीचं पुढे काय होतं याच्याशी माझं काही देणंघेणं नाही.

बाकी क्षेम. काळजी घे. व्यायाम सांगितलेत ते कर, नुसते मोजू नकोस.

तुझी भाची

ता. क. शेवटचं प्रकरण वाचून झालेलं नाही. दोन शनिवार मी ते टाळलं. पहिल्यांदा उजळणीचं निमित्त केलं, दुसऱ्यांदा निमित्तही सापडलं नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस ती कड्याखाली एकटी उरते, पाणी चढत असतं, वरून दोर सोडलेला असतो, आणि पान संपतं. मी पुढे वाचलेलं नाही. मुलांनी माझ्याकडून शपथ घेतलीय, ग्रंथपालांकडूनही. त्यांचं म्हणणं, ते प्रकरण बाईंनीच वाचायचं.

ता. क. २. शनिवारी मी गच्चीवरच्या मोटारघरात होते. आत्या, ते रद्दीचं कपाट नाही. एकाच जागी तीन मजल्यांवर एकसारखं कपाट, आणि शेजारी रंगाखाली दबलेलं बटण. इतकी वर्षं लेखकाची पेरणी शिकवून तुम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही? (शंकाला वाटलं. तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, वाट बघ, काही गोष्टी पेरलेल्या असतात. माझी चूक. मागण्यांच्या कागदावर पहिली मागणी 'वर्ग बंद करू नये' ही होती, आणि दुसरी 'कपाट ताईंना रिकामं करून द्यावं'. ग्रंथपालांनी दोन्हींखाली दाराच्या फटीतून सही दिली. ओलिसाची सही कायद्याने चालत नाही, म्हणून सोमवारी मी त्यांच्याकडून आणि अध्यक्षांकडून पुन्हा घेतली. अध्यक्षांचेही गुडघे दुखतात, हे त्यांनी सही करताना सांगितलं.) लिफ्टची मोटार चांगली आहे. दाराचे विजेचे संपर्क बदलले, दोर नवे टाकले. भारचाचणीला वजन म्हणून तीच रद्दी चढवली, ब्रेक लागतो. शुक्रवारी सरकारी निरीक्षक येतील. ते पास करतील, कारण काम मी केलंय.

ता. क. ३. वर यायला जिना चढावा लागतो आणि तो तुझ्याच्याने होत नाही, एवढंच असेल, तर तेवढं आता राहिलेलं नाही. दुसरं काही कारण असेल, तर ते मुलांना तू येऊन सांग. मी नाही सांगणार. शब्द मी घेईन हवं तर, वाक्यात. युक्त्या तुझ्याकडे. मी मागच्या बाकावर बसेन.

आणि हात दोराला लागतो की नाही, ते उत्तरात लिहू नकोस.

पत्र बाबांच्या हाती देतेय. गुरुवारपर्यंत उत्तर कळव.