सोफ्यामागच्या खिडकीची व्यवस्था

मी खाली सही करणारी, धंदा पडदे शिवणे, वय पडदे शिवायला चष्मा लागतो पण माणसे ओळखायला लागत नाही इतके, हे मृत्युपत्र आज स्वखुशीने लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉक्टरांनी मला तपासले आहे आणि त्यांना काही शंका असेल तर ती त्यांनी माझ्यासमोर बोलून दाखवलेली नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला दोघे जण आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवले. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. माझे कुटुंब पुढीलप्रमाणे. माझे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. त्यांचा उल्लेख या दस्तात यापुढे ‘हे’ असा येईल. घरातही तसाच येतो. मुलगा एक, तो थोरला. मुलगी एक, ती धाकटी. शिवाय एक नणंद आहे, तिचा उल्लेख गरज पडली तरच करीन.

कलम २. राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागे गल्लीपर्यंत जागेची एक अरुंद पट्टी. हे घर माझ्या आईने दिलेल्या पैशांतून घेतले. नणंद पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्यातच म्हणाली, “छान आहे हो वहिनी, पण बसायचं कुठे?” पहिल्याच कलमानंतर गरज पडली ती अशी. त्या दिवसापासून घर वाढवायचे की बदलायचे हा विषय आमच्याकडे मुक्कामाला आला, आणि त्याला मात्र कधी जागा कमी पडली नाही.

धाकटी जन्मली त्या वर्षी एका घराचे पाडकाम चालले होते. तिथून हे एक सागवानी खिडकी हातगाडीवर घालून घेऊन आले. दोन झडपा, उभे गज, चौकट चांगली भक्कम. मी विचारले, “अहो, पण खोली कुठाय?” हे म्हणाले, “खिडकी आली म्हणजे अर्धी खोली झालीच की.” उरलेली अर्धी ह्यांनी कागदावर बांधली. शाळेला सुट्टी लागली की नवा नकाशा. नकाशे देखणे असत. त्यांत झाडे, झाडाखाली वाचत बसलेला माणूस, त्याच्या पायाशी मांजर. एका नकाशात न्हाणीघरात जायची वाट कपाटातून होती. एकात जिना सुंदर होता, पण वरचा मजला काढायचा राहून गेला होता.

खिडकी तोवर सोफ्यामागे उभी राहिली. तिच्यामुळे सोफा पुढे सरकला, खोली लहान झाली, आणि खोली लहान पडते म्हणून घर वाढवले पाहिजे, असे ह्यांनी मला नीट समजावून सांगितले.

मला घर बदलायचे होते. मापे घ्यायला मी लोकांच्या घरी जाते. लोक मला सोफ्याचे कापड दाखवतात आणि मी आपली खिडकीतून बाहेर बघत राहते. आम्ही घरे पाहिली नाहीत असे नाही. त्यातले एक मला मनापासून आवडले होते, मशीन कुठे ठेवायचे तेही मी ठरवून टाकले होते. हे सगळ्या खोल्या फिरून आले आणि घरमालकाला म्हणाले, “सगळं उत्तम आहे, पण आमची खिडकी कुठे बसेल?” तो बिचारा म्हणाला, “खिडक्या आहेत की हो, प्रत्येक खोलीला आहे.” ह्यांनी खेदाने मान हलवली. परतीच्या बसमध्ये मी ह्यांच्यापासून दोन बाके सोडून बसले. नकाशा पसंत पडेना म्हणून बांधायचे नाही आणि आमची खिडकी मावेना म्हणून जायचे नाही, अशा तळ्यात-मळ्यात आमचा संसार झाला.

कलम ३. सध्याची परिस्थिती. गेल्या महिन्यात माझ्या छातीत दुखले आणि मला दवाखान्यात ठेवले. मी घरी आले तेव्हा हा विषय मुलांनी हाती घेतला होता. थोरल्याला हे घर विकून आम्हाला त्याच्या शेजारच्या इमारतीत न्यायचे आहे. धाकटीला इथेच वर मजला चढवायचा आहे. दोघे एकाच रविवारी आले, तो एजंटाला घेऊन, ती गवंड्याला घेऊन. दोघांनी मोजायच्या टेपा काढल्या. स्वयंपाकघरात त्या टेपा एकमेकींत अडकल्या आणि मधे मी, हातात चहाचे पातेले.

“आई, तू फक्त हो म्हण,” थोरला म्हणाला.

“आई, तू फक्त नाही म्हण,” धाकटी म्हणाली.

“बाबांना विचारा,” मी म्हटले.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, “थांबा जरा, मी नवीन नकाशा काढतोय.”

तेवढ्यात वीज गेली. भर दुपार होती, पण आमच्या स्वयंपाकघराला दिवस-रात्र सारखेच. एजंट ओट्यावर आपटला. धाकटी कशाला तरी अडखळली, बहुतेक भावालाच. मी सगळ्यांचे कप भरले, एक थेंब सांडला नाही.

“काकू, तुम्हाला दिसतं कसं?” गवंडी म्हणाला.

“दिसत नाही. सवय आहे.”

माझे मशीनही तिथल्याच मागच्या भिंतीला लागून आहे. लोकांच्या खिडक्यांचे पडदे मी जन्मभर त्या भिंतीकडे तोंड करून शिवले. का कोण जाणे, मी विचारले, “या भिंतीत खिडकी बसेल का हो?” त्याने भिंतीवर टकटक केले. “बसेल की. दोन दिवसांचं काम आहे.”

दोन दिवसांचे काम. मला तिथेच रडू आले, पण अंधार असल्याने ते फुकट गेले. हे दारात येऊन उभे होते. म्हणाले, “अगं, तू कधी बोलली नाहीस.” कशी बोलणार? मी इतकी वर्षे मोठे घर मागत होते. मला उजेड हवा होता, हे मलाच त्या अंधारात कळले.

कलम ४. मला मरणाची फारशी भीती वाटत नाही. भीती आहे ती ह्यांच्याबद्दल. माझ्यामागे थोरला ह्यांना एकीकडे ओढेल, धाकटी दुसरीकडे, आणि हे दोघांनाही हो म्हणतील. म्हणून घर मी ह्यांच्या हयातीपर्यंत ह्यांना देते. ह्यांना घरातून कोणी हलवू नये आणि ह्यांच्या डोक्यावर कोणी मजला चढवू नये. ह्यांच्यानंतर घर दोन्ही मुलांचे, समसमान. तोपर्यंत जो कोणी टेप घेऊन घरात शिरेल त्याचा हिस्सा नणंदेला जाईल. नणंदेची तब्येत उत्तम आहे.

कलम ५. शिवणयंत्र सुनेला, कारण सुईत दोरा ओवताना ती जीभ बाहेर काढत नाही. कापडाची कात्री धाकटीला. ह्यांनी चोरून नकाशे कापून जिची धार घालवली ती कात्री ह्यांनाच. पोस्टातली ठेव आधी खिडकीच्या कामाला आणि उरेल ती नातवंडांना. बंगलेवाल्या बाईंनी लाल पडदे ‘हा तो लाल नव्हे’ म्हणून तीनदा परत केले, त्याबद्दल मी त्यांना क्षमा करते. मात्र त्या कापडाच्या उशा केलेल्या आहेत. त्या मागायला आल्यास देऊ नयेत.

कलम ६. सोफ्यामागची खिडकी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत बसवावी. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजपासून लागू आहे.

स्थळ: स्वयंपाकघर, मशीनसमोर.
दिनांक: भिंतीवर पहिला घाव पडला त्या दिवशी सकाळी.

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिला, डॉक्टर: सही. बाई शुद्धीत आहेत. धुळीत बसू नये असे सांगितले, ऐकत नाहीत.

साक्षीदार दुसरा, गवंडी: सही. हात सिमेंटचे असल्याने कागदाला डाग पडला आहे, तो खाडाखोड समजू नये.

पुरवणी, दुसऱ्या दिवशी दुपारी. खिडकी बसली. थोरला आणि धाकटी महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. चौकट एका बाजूने त्याने उचलली, दुसऱ्या बाजूने तिने, आणि कोणती बाजू आधी वळवायची यावरून दोघे सबंध वाट भांडत आले. मला बरे वाटले. सोफा भिंतीला लागला आणि बाहेरची खोली एकदम मोठी झाली. हे स्टूल घेऊन माझ्याजवळ येऊन बसले आहेत. नकाशा काढत नाहीत, जे दिसते ते काढत आहेत.

गल्लीपलीकडे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. त्या माणसाची ठोकाठोक मी लग्न होऊन आल्यापासून भिंतीतून ऐकत आले. मला वाटायचे, चांगला आडदांड असेल. अगदीच काटकुळा निघाला. त्याने वर पाहिले आणि हात केला. मीही केला.

या खिडकीला कोणीही, कधीही, पडदा लावू नये.

सही