फरशी फोडायची नाही

चॅपल टेरेस, ट्रेऑर्की
२४ जानेवारी

प्रिय एमलिन,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. "बरं आई, बरं आई" करत पुढच्या विषयावर उडी मारतोस. कागदाला असं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

पहिली बातमी म्हणजे स्वयंपाकघरातली फरशी कुणी फोडणार नाहीये. ती तुझ्या बाबांनी स्वतःच्या हातांनी घातली आहे. खाण बंद झाली त्या वर्षी घरात नुसतं बसवेना म्हणून त्यांनी जुन्या फळ्या उपटल्या, हीटिंगचे पाइप टाकले आणि वर काँक्रीट ओतलं. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. ओल्या सिमेंटवर पाय ठेवलास म्हणून मार खाल्ला होतास, आठवतंय? त्या फरशीवर तू कार्डिफहून पाठवलेला तो दुरुस्तीवाला माणूस बूट न काढता उभा राहिला, बॉयलरच्या दाबाचा काटा शून्यावर आलेला बघितला, दहा मिनिटं माझ्या रेडिएटरांना टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "फरशीखाली गळतंय, मिसेस प्रिचर्ड. सगळं खणावं लागेल. या वयात कशाला हा व्याप?" या वयात! बॉयलरचं वय त्याने विचारलं नाही, माझं मात्र न विचारता काढलं.

त्यानंतर तीनच दिवसांत तुझा लिफाफा आला. त्या वृद्धांच्या संकुलातल्या खोलीचा अर्ज. महिनाअखेरपर्यंत सही करून पाठव, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, म्हणे. जिथे जिथे सही हवी तिथे तू पेन्सिलने फुलीही मारून ठेवली होतीस. आईला डोळे आहेत रे अजून. तो अर्ज मी ब्रेडच्या डब्याखाली ठेवला आणि कामाला लागले.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी एकतीस वर्षं वाफेच्या यंत्रांशेजारी उभी होते. दाबाचा काटा काय सांगतो ते मला कळतं, हे तू विसरलास. मी आधी प्रत्येक रेडिएटरच्या दोन्ही टोकांना कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला. दोन दिवसांनी बघितलं तर सगळे कोरडे. बॉयलरखाली वर्तमानपत्र अंथरलं, तेही कोरडं. म्हणजे तुझा माणूस खरा ठरतोय की काय, या विचाराने त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. खोटं कशाला बोलू? सही करायला पेन शोधण्यापर्यंत मजल गेली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारचा ईवोर आला. तो खाणीत पंपांवर होता, म्हणून स्वतःला जगातल्या सगळ्या पाण्याचा मामा समजतो. मी रडगाणं गायला लागले तर म्हणाला, "अगं मायर, पाणी कुठे जातं ते नंतर. आधी ते कधी जातं ते बघ की! भोक फरशीखाली असेल तर ते काय बॉयलर गार की गरम ते बघून गळणार आहे?"

मी त्याला दोन वेल्श केक जास्त दिले.

पाणी भरून काटा सव्वावर आणला, बॉयलर बंद केला आणि दोन दिवस तसाच ठेवला. जानेवारीत. ओरडू नकोस. कोट होता, बाबांची जाड जर्सी होती, गरम पाण्याच्या दोन पिशव्या होत्या. मी भांडी घासतेय ती कोट घालूनच, हे बघून ईवोर खिडकीतून ओरडला, "लग्नाला निघालीस की काय?" दोन दिवसांनी काटा बघितला. सव्वावर! केसभरही हलला नव्हता. एमलिन, मी त्या फरशीवर पाय आपटून नाचले. गुडघ्याने नंतर वसूल केलं, पण नाचले. तुझ्या बाबांच्या पाइपांतून एक थेंब गळत नव्हता.

मग बॉयलर चालू केला आणि समोर खुर्ची टाकून बसले. पाणी तापलं की काटा थोडा चढतोच, ते ठीक. पण हा दीडवर गेला, दोनवर गेला, आणि चाळीस मिनिटांत तीनवर, लाल रंगात. तिथे पोचला आणि थरथरायला लागला. तेवढ्यात मागच्या अंगणात पिचकारी मारल्यासारखा आवाज झाला. बाहेर जाऊन बघते तर भिंतीतून निघालेली ती तांब्याची नळी, पावसाच्या पाण्याच्या पिंपामागे दडलेली, तिच्यातून कढत पाणी उडत होतं. दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडायचं, तेवढंच तिचं काम. भिंतीला हिरवं शेवाळ धरलं होतं, म्हणजे हे कित्येक महिने चाललं असणार. पण आपल्या दरीत बारा महिने पाऊस. ओल्या भिंतीकडे इथे कोण बघतंय? तुझा तज्ज्ञ तर मागचं दार उघडायलाही तयार नव्हता, बाहेर भुरभुर चालू होती म्हणून.

आता तुझ्या भागाचं ऐक. तू एक रविवार सोडून येतोस, मटण ओव्हनमध्ये असताना बॉयलरखालचा पाणी भरायचा नळ उघडतोस आणि काटा अडीचवर नेऊन म्हणतोस, "आता पंधरा दिवस बघायला नको, आई." वर मुलांना थंडी वाजते म्हणून हीटिंग पूर्ण चढवतोस. अडीचवरून तीनवर जायला कितीसा वेळ? तुम्ही गाडीत बसेपर्यंत तू भरलेलं पाणी भिंतीवरून वाहून गेलेलं असायचं, आणि बॉयलर गार झाला की काटा पुन्हा शून्याकडे. बॉयलर बंद पडला की रेटून भरायचं, हे या रस्त्यावरच्या प्रत्येक घरात चालतं. मीही तेच करत होते. तो का बंद पडतोय, हे आपल्यापैकी कुणीच विचारलं नाही.

गुरुवारी मी खालच्या रस्त्यावरच्या डेलिथला बोलावलं. तिच्याकडे गॅसच्या कामाचा परवाना आहे. कार्ड पुढून-मागून बघितल्याशिवाय मी तिला पेचकस काढू दिला नाही. हसत होती. मी सगळं सांगितलं तसं तिने बॉयलरच्या आतल्या लाल टाकीची छोटी पिन दाबली. तिथून हवा यायला हवी होती, आलं पाणी. "मिसेस प्रिचर्ड, तुम्ही माझं निम्मं काम करून ठेवलंत," ती म्हणाली. टाकीतला रबरी पडदा फाटला होता. तापलेल्या पाण्याला फुगायला जागाच उरली नव्हती. तिने टाकी बदलली, सतत उघडून थकलेला त्या तांब्याच्या नळीचा सुरक्षा-व्हॉल्वही बदलला. आज चौथा दिवस. गार असताना सव्वा, गरम असताना दीडच्या जरा वर. मी हे लिहितेय तेव्हा खोली इतकी उबदार आहे की बाह्या वर केल्यात.

तेव्हा अर्ज या पत्रासोबत परत पाठवतेय, कोरा. मी इथून हलणार नाही. उद्या छप्पर गळलं तर छप्पर बघेन. जिना चढवेना झाला तर पलंग खाली आणेन. आणि खरंच काही जमेनासं झालं, तर ते मी तुला सांगेन, तू मला नाही.

पण एवढ्यासाठी मी चार पानं काळी केली नसती. "नाही" म्हणायला पोस्टकार्ड पुरलं असतं. परवा तू गाडी धूत होतास तेव्हा सियानने फोन उचलला. सात वर्षांची पोर, तिच्या पोटात काय राहणार! म्हणाली, "आजी, न्यूझीलंडमध्ये नाताळ उन्हाळ्यात असतो, तुला ठाऊक आहे? आम्ही समुद्रावर केक खाणार." मी म्हटलं, हो गं राणी, ठाऊक आहे. मग फोन ठेवला. म्हणजे फरशी, बॉयलर, माझं वय, हे सगळं निमित्त होतं. मला कुठेतरी नीट ठेवून, कुणाच्या तरी हवाली करून तुला न्यूझीलंडला निघायचं होतं. मला राग आला, खूप आला. तू जातोस म्हणून नाही. तुझ्या बाबांनी तुला याच दरीत अडकवण्यासाठी वाढवलं नाही, आणि मीही नाही. राग आला तो एवढ्याचा की मला सांगायची तुला भीती वाटली. जा, एमलिन. नेरिसला आणि मुलांना घेऊन जा, आणि माझी काळजी हे कारण सांगून थांबू नकोस. फक्त येत्या रविवारी जेवायला ये आणि माझ्याकडे बघून ते स्वतःच्या तोंडाने सांग. मी रडेन. ते तुला बसून बघावं लागेल. मग जा.

तुझीच, अजून आपल्याच घरात असलेली,
आई